प्रश्नाचीही परीक्षा

०.३५ आणि ०.८ यांत मोठी संख्या कोणती? दशांश अपूर्णांक शिकवून झाल्यावर हा प्रश्न विचारला, तर बरीच मुले ०.३५ म्हणतात. पस्तीस आठापेक्षा मोठे, एवढाच त्यांचा हिशेब. त्याऐवजी ०.३५ आणि ०.१२ विचारले, तर याच हिशेबाने तीच मुले पैकीच्या पैकी गुण घेऊन जातात. दोन्ही प्रश्न एकाच धड्यावरचे आणि एकेका गुणाचे. पहिल्याने मुलाची चूक उघडी पडते, दुसऱ्याने ती झाकली जाते.

शाळेत प्रश्नपत्रिका काढणे हे सहसा शेवटच्या दोन दिवसांचे काम. गेल्या वर्षीची पत्रिका, बाजारातले ‘अपेक्षित’, थोडी अदलाबदल, की झाले. वास्तविक हे शास्त्र आपल्याकडे नवे नाही. शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण मांडणारा बेंजामिन ब्लूम यांचा ग्रंथ १९५६ साली निघाला, आणि पुढच्याच वर्षी परीक्षा-सुधारणेसाठी ते भारतात आले. ज्ञान, आकलन, उपयोजन हे शब्द आणि प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता बी.एड. झालेल्या प्रत्येकाला पाठ असतो. (पाठ असतो, इथेच घोटाळा आहे.) ‘उपयोजन’च्या रकान्यात जो प्रश्न बसवला जातो, तो अनेकदा गाइडमध्ये उत्तरासकट छापलेला असतो. असा प्रश्न कोणत्याही रकान्यात घाला, तो स्मरणाचाच.

‘पाण्याचा उत्कलनांक किती?’ याला मुले डोळे मिटून शंभर म्हणतील. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. ‘उघड्या पातेल्यातली डाळ शिजायला रत्नागिरीपेक्षा महाबळेश्वरला जास्त वेळ का लागतो?’ असे विचारले की धडा तोच राहतो, पण मुलाला विचार करावा लागतो. अर्थात हा प्रश्नही पुढच्या वर्षी वापरायचा नाही.

बहुपर्यायी प्रश्न तपासायला सोपे म्हणून लोकप्रिय, पण लिहायला सर्वांत अवघड. अमेरिकेत कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली यांनी ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रूढ केले. त्यातले चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या चुकांतून यावे लागतात. १/२ + १/३ या बेरजेला २/५ हा पर्याय हवाच, कारण अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारी मुले नेमकी तिथे सापडतात. ७/९ कोणीच निवडणार नाही. तो फक्त जागा भरतो.

मराठीत आणखी एक फट राहते. ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र म्हणून ओळखली जाणारी कोण?’ पर्याय : केंद्रक, लवक, तंतुकणिका, रायबोझोम. विज्ञान न वाचलेले मूलही ‘ओळखली जाणारी’वरून तंतुकणिका निवडेल. चारांत स्त्रीलिंगी तेवढीच! सर्वांत लांबलचक पर्यायच बरोबर असणे, ही अशीच दुसरी फट.

‘नद्यांविषयी माहिती लिहा’ या तीन गुणांच्या प्रश्नाचे काय करायचे? हुशार मूल दोन पाने लिहिते, दुसरे तीन ओळी, आणि तपासणारा अंदाजाने गुण देतो. प्रश्न लिहितानाच त्याचे आदर्श उत्तर आणि गुणदान लिहायला बसले, की असा प्रश्न आपोआप गळतो.

कितीही जपून लिहिला तरी प्रश्नाची खरी पारख उत्तरपत्रिकांतच होते. साठ मुलांच्या वर्गात वरची सोळा आणि खालची सोळा मुले निवडावीत. वरच्यांपैकी तेरा आणि खालच्यांपैकी पाच जणांचे उत्तर बरोबर आले, तर फरक आठ; त्याला सोळाने भागले की भेदन मूल्य ०.५ येते. हा प्रश्न जपून ठेवण्याजोगा. खालची मुले बरोबर आणि वरची चूक, असे दिसले तर आधी आपली उत्तरसूची तपासावी. चूक बहुधा तिथेच निघते.

एवढ्या आकडेमोडीला संगणक लागत नाही. कागद, पेन्सिल आणि दहा मिनिटे पुरतात. येत्या घटक चाचणीचा गठ्ठा कपाटात जाण्याआधी शिक्षकांनी त्यातल्या एका तरी प्रश्नाचा असा हिशेब मांडून पाहावा.