हिशेब क्लाउडवर, सर्व्हर शेजारी

ठाणे-बेलापूर पट्ट्यातला पंप बनवणारा एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. गोदामाची वही वेगळी, विक्रीची एक्सेल वेगळी आणि उधारी? ती मालकाच्या डोक्यात! क्लाउडवरच्या व्यवसाय-सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं एका जागी येतं. तुर्भ्याच्या गोदामातून माल निघाला, त्याचं बिल झालं की साठ्यातून तेवढे नग वजा होतात आणि नाशिकला ऑर्डर घ्यायला गेलेल्या सेल्समनला शिल्लक लगेच मोबाइलवर दिसते. स्वतःचा सर्व्हर घ्यायला नको. बहुतेक ठिकाणी माणशी, दरमहा भाडं भरायचं.

कायद्याचाही रेटा आहेच. उलाढाल 5 कोटींवर गेलेल्यांना 1 ऑगस्ट 2023 पासून व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतल्या विक्रीसाठी ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहणंही बंधनकारक झालं. मार्चअखेर गुपचूप जुनी नोंद फिरवायची सोय गेली, हे बरंच झालं म्हणायचं. शिवाय कंपनीच्या संगणकीय हिशेबाची प्रत रोज भारतातल्याच सर्व्हरवर ठेवावी लागते. तसे सर्व्हर सांभाळणारी मोठी डेटा सेंटर आपल्या ऐरोली, रबाळे, महापे भागातच उभी आहेत.

मात्र गोदामातली मोजदादच चुकलेली असेल, तर सॉफ्टवेअर तीच चूक सगळ्यांना दाखवेल. तेव्हा आधी माल मोजा. आणि करारापूर्वी विचारा: सेवा सोडली तर आमचा डेटा किती दिवसांत, कोणत्या स्वरूपात परत मिळेल? उत्तर लेखी घ्या.