सर्पदंश : पहिला उपचार गावाजवळच



पावसाळा सुरू आहे. भातलावणी, भांगलण, बांधावरचं गवत काढणं ही कामं ओणवं होऊन, बहुतेक वेळा अनवाणीच चालतात, आणि याच दिवसांत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले बहुतेक मृत्यू खेड्यापाड्यांतले, आणि त्यातले कितीतरी रुग्णालयाची पायरी चढण्याआधीचे. खरं तर यावर हमखास औषध आहे. ते म्हणजे प्रतिविष, ज्याला आपण सापाची लस म्हणतो.

आपल्याकडचे जीवघेणे साप मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घोणस चावली की जागा झपाट्यानं सुजते, असह्य ठणका लागतो, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जाऊ लागतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मण्यारीचं मात्र वेगळं. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. सूज नाही, वेदना नाहीत, कधी दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागतं, घशाशी अडकल्यासारखं होतं, पापण्या जड होऊन मिटू लागतात. अशा माणसाला पित्त झालं असेल म्हणून घरी ठेवू नका. पावसाळ्यात खाली झोपून उठलेल्या माणसाच्या पापण्या उघडत नसतील, तर मण्यारीची शंका घ्या आणि लगेच निघा.

साप चावल्यावर करायचं काय? माणसाला धीर द्या. अंगठी, बांगड्या, पैंजण, घट्ट कपडे काढा. चावलेला हात किंवा पाय मोडल्यावर जसा फळीला बांधतो तसा स्थिर ठेवा, आणि त्याला चालायला न लावता उचलून न्या. १०८ला फोन करा. गाडी यायला उशीर होणार असेल, तर मिळेल त्या वाहनानं निघा. दोरीनं करकचून आवळू नका, जखम कापू नका, चोखू नका. सापाला मारण्यात वेळ घालवू नका. तो पकडून आणण्याचीही गरज नाही, कारण चारही सापांवर प्रतिविष एकच असतं. दुखतंय म्हणून ॲस्पिरिनसारख्या गोळ्या देऊ नका, त्यानं रक्तस्राव वाढतो.

मांत्रिकाकडे बरे झालेले लोक आपण पाहिलेले असतात. त्याचं कारण साधं आहे. बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. ती माणसं तशीही वाचणारच होती. ज्याच्या अंगात खरोखर विष भिनलंय, त्याचे मोलाचे तास मात्र तिथे वाया जातात.

आता डॉक्टर काय करतात ते पाहू. रक्तावर परिणाम करणारं विष ओळखायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. रुग्णाचं दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरपी करायची. रक्त गोठलं नसेल, पाण्यासारखं वाहिलं, तर विष भिनलं आहे. ही चाचणी कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. पूड स्वरूपातल्या प्रतिविषाला शीतपेटीही लागत नाही. सुरुवातीला साधारण आठ ते दहा कुप्या द्याव्या लागतात, आणि मोठ्यांना जेवढा डोस तेवढाच लहान मुलांनाही. कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही.

अडचण कुठे येते? प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून बनतं, त्यामुळे काहींना त्याची तीव्र रिॲक्शन येते. रात्री एकट्या असलेल्या तरुण डॉक्टरला त्याची धास्ती वाटते आणि रुग्ण पुढे धाडला जातो. पण रिॲक्शनवर ॲड्रेनलिनचं इंजेक्शन आहे, आणि श्वास मंदावला तर व्हेंटिलेटर मिळेपर्यंत हातानं दाबायच्या फुग्यानं श्वास देता येतो. म्हणून विषाची लक्षणं दिसत असतील, तर पहिला डोस जवळच्या केंद्रातच सुरू व्हावा आणि मगच रुग्ण जिल्ह्याला जावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. विंचूदंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला, तो ग्रामीण भागात राहूनच. खेड्यातला डॉक्टर जीव वाचवू शकतो, हे कोकणानं पाहिलं आहे.

मार्च २०२४मध्ये केंद्र सरकारनं सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट आहे. प्रत्येक दंशाची नोंद व्हावी, असंही राज्यांना सांगितलं गेलं आहे. प्रतिविषासाठी लागणारं विष प्रामुख्यानं तामिळनाडूतल्या सापांचं असतं आणि प्रदेशागणिक विषात फरक पडतो, म्हणून त्यावर संशोधन चालू आहे. तोंडावाटे घ्यायच्या वारेस्प्लाडिब या औषधाच्या चाचण्याही झाल्या आहेत. पण ते अजून उपचार म्हणून उपलब्ध नाही. आज हाती आहे ते प्रतिविषच.

तेव्हा रात्री बॅटरी घेतल्याशिवाय बाहेर पडू नका, शेतात गमबूट घाला. खाटेवर झोपा, ते जमत नसेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचून घ्या. आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा : आपल्या आरोग्य केंद्रात आज प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत? रात्री ते द्यायला कोण असतं? आणि रुग्ण पुढे न्यायला गाडी कुठून येते? उत्तरं मिळाली, तर ती शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवा. नाही मिळाली, तर मिळेपर्यंत विचारत राहा.