डी जीवनसत्त्वाची पुडी आणि घरातली बाकीची औषधं



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. म्हणून औषध सुचवणार नाही. डॉक्टरांना काय सांगायला विसरू नये, एवढंच बोलणार आहे.

आपल्या बऱ्याच घरांत डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल असते. बहुधा आठवड्यातून एकदा, ठरलेले आठवडे घ्यायची. मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण ६०० युनिट धरतात. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा हिशेब! हे जीवनसत्त्व शरीरातल्या चरबीत साठून राहतं. ते अति झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग खूप तहान, सारखी लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता, कधी बोलण्यात गोंधळ.

आमच्या कामात दोन प्रोग्राम वेगवेगळे नीट चालतात, एकत्र आले की अडतात. औषधांचंही तसंच आहे.

अब्बूंच्या बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल, तर लघवीतून जाणारं कॅल्शियम कमी होतं. त्यात पुडीची भर पडली की ते वाढू शकतं. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल, तर वाढलेल्या कॅल्शियमने ठोके बिघडण्याचा धोका. उलट, फिटचं फेनिटॉइन आणि टीबीचं रिफॅम्पिसिन हे जीवनसत्त्व लवकर संपवतात. पुडी घेऊनही ते कमी पडू शकतं.

आजारही सांगायला हवेत. मूतखडा, पॅराथायरॉइडचा त्रास, टीबी, सार्कॉइडोसिस. किडनीच्या रुग्णाला कधी कॅल्सिट्रिऑल दिलेलं असतं. तेही डी जीवनसत्त्वाचंच रूप. कॅल्शियमच्या गोळीतही ते बऱ्याचदा असतंच.

अडचण अशी की हाडांचे डॉक्टर वेगळे, हृदयाचे वेगळे, आणि तिसरी वस्तू आपण केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणतो. सगळं एकत्र फक्त घरच्यांनाच दिसतं. अम्मी-अब्बूंच्या घरात वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचू शकणारे आपणच.

घाबरून पुडी बंद करू नका. कमतरताही खरी आहे, तिने हाडं ठिसूळ होतात. आज घरी जाऊन प्रत्येक औषधाच्या वेष्टनाचा फोटो काढा. नाव, मात्रा, कधी घेतात, जुने आजार, सगळं एका कागदावर लिहा. पुढच्या वेळी प्रत्येक डॉक्टरांना तोच कागद दाखवा आणि विचारा, ‘कॅल्शियम तपासायचं का? ही पुडी किती आठवडे?’