आधी जेव, मग बोल : रतामाच्या झुडुपाखालचा एलीया

  

आजचा भाग एका मेसेजमुळे करतेय. आपल्या एका ऐकणाऱ्या भावाने रात्री दीड वाजता लिहिलं होतं. नाव अर्थातच सांगणार नाही. त्याचं म्हणणं असं, की ताई, मी लहानपणापासून मंडळीत आहे, संडे स्कूलमध्ये वाढलो, गिटार वाजवतो, उपासनेला चुकत नाही. पण गेले काही महिने प्रार्थनेला बसलो की आतून काहीच येत नाही. नुसतं थकल्यासारखं वाटतं. कधी कधी वाटतं, आता पुरे. मग मी खरा विश्वासू आहे का?

हा मेसेज मी तीन वेळा वाचला. कारण भावा, असाच मेसेज मीही लिहिणार होते. लिहिला नाही, एवढाच फरक.

तर आज आपण एलीयाकडे जाऊया. पहिले राजे, अध्याय १९. बायबल जवळ असेल तर नंतर काढून वाचा, फोनवरच्या ॲपमध्येही चालेल. पण आधी गोष्ट नीट समजून घेऊ.

एलीया म्हटलं की आपल्याला काय आठवतं? कर्मेल डोंगर. बआलाचे ४५० संदेष्टे एका बाजूला आणि हा एकटा एका बाजूला. आकाशातून अग्नी उतरला, वेदी, लाकडं, पाणी सगळं भस्म झालं. त्याच दिवशी तीन वर्षांचा दुष्काळ संपून पाऊस आला. संडे स्कूलच्या नाटकात सगळ्या मुलांना एलीयाच व्हायचं असतं, बरोबर ना?

पण १९ व्या अध्यायावर कुणी नाटक बसवत नाही.

तिथे काय होतं बघा. ईजबेल राणीचा निरोप येतो, उद्या या वेळेपर्यंत तुला संपवते. आणि जो माणूस काल ४५० जणांसमोर उभा होता, तो एका बाईच्या एका निरोपाने पळत सुटतो. थेट दक्षिणेच्या टोकाला, बैर-शेब्याला. इज्रेलपासून हे अंतर साधारण दीडशे किलोमीटर आहे. म्हणजे पुण्याहून मुंबईला पायी निघाल्यासारखं. तिथे तो आपल्या सेवकाला मागे ठेवतो, एकटाच रानात आणखी एक दिवसाची वाट चालतो आणि रतामाच्या एका झुडुपाखाली बसतो. रताम म्हणजे वाळवंटातलं झुडूप, सावलीही धड नसते त्याला. तिथे बसून तो देवाला म्हणतो, की आता पुरे, माझा जीव घे.

हे कोण म्हणतंय? एलीया. देवाचा माणूस. आणि पवित्र शास्त्राने हे लपवलेलं नाही. याकोब तर आपल्या पत्रात आवर्जून सांगतो, की एलीया आपल्यासारख्याच स्वभावाचा माणूस होता.

आता मी माझं सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या तरुण संघाचं तीन दिवसांचं शिबिर होतं. सगळी तयारी माझ्याकडे. बस ठरवणं, जेवणाचा हिशोब, गाण्यांचा सराव. शेवटच्या रात्री मुलं रडून प्रार्थना करत होती, आणि मला वाटलं, बस, आता देवासाठी काहीही करू शकते मी. रविवारी रात्री घरी आले. सोमवारी सकाळी ईमेल. कंपनीने आमची पूर्ण टीम कमी केली होती.

शिक्षणाचं कर्ज चालू होतं. गावी आईला सांगितलं नाही. मंडळीत सांगितलं नाही. दर रविवारी पुढे उभी राहून गाणी म्हणत होते, आणि कुणी विचारलं तर म्हणत होते, "प्रभूच्या कृपेने सगळं छान!" आई रोज सकाळी व्हॉट्सॲपवर एक वचन पाठवते. त्या तीन महिन्यांतली वचनं मी उघडलीच नाहीत. वर आकडा वाढत गेला, पंचवीस, चाळीस, साठ. मी दिवसा झोपायचे, रात्रभर रील्स बघायचे. आणि एका रात्री मीही देवाला तेच म्हणाले, जे एलीया म्हणाला.

आता एलीयाची गोष्ट पुढे बघू. देवाने काय केलं? मला नेहमी वाटायचं, आता देव त्याला रागवेल. काल एवढा चमत्कार दाखवला आणि आज ही भाषा? विश्वास कुठे गेला तुझा? पण तसलं एक अक्षर नाही. एलीया झोपला. देवदूताने येऊन त्याला स्पर्श केला आणि म्हणाला, ऊठ, खा. उशाशी तापलेल्या दगडांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. त्याने खाल्लं, प्यायला आणि परत झोपला! देवदूत दुसऱ्यांदा आला. पुन्हा तेच. खा, कारण पुढची वाट तुला झेपणारी नाही.

ना उपदेश, ना वचन पाठ करायला लावलं. भाकर, पाणी, झोप, आणि परत भाकर.

माझ्याकडे देवदूत आला तो खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या रूपात. त्या आपल्या मंडळीतल्या नाहीत. ख्रिस्तीही नाहीत. त्यांच्या देवघरात विठ्ठल-रखुमाई आहेत. दोन दिवस माझ्या दारातली दुधाची पिशवी तशीच पडलेली त्यांनी बघितली, आणि ताट घेऊन वर आल्या. पिठलं, भाकरी, कांदा. मी दार उघडलं आणि नेहमीसारखं म्हणाले, "काही नाही काकू, जरा बरं नाहीये." त्या म्हणाल्या, "अगं पोरी, आधी जेव, मग बोल." मी जेवले. खूप दिवसांनी पोटभर. मग बोललेच नाही, झोपले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या परत ताट घेऊन आल्या. त्या दिवशी मात्र बोलले.

तर भावा, पहिली गोष्ट ही. "आतून काहीच येत नाही" म्हणजे विश्वास मेला असं लगेच ठरवू नकोस. तू रात्री दीड वाजता मेसेज केलास. किती वाजता झोपतोस? दुपारी जेवलास का? हे प्रश्न अध्यात्माच्या बाहेरचे नाहीत. देवाने एलीयाला हेच आधी दिलं. शरीर देवानेच घडवलंय ना?

दुसरी गोष्ट. त्या जेवणाच्या बळावर एलीया ४० दिवस ४० रात्री चालून होरेब डोंगरावर गेला आणि एका गुहेत राहिला. तिथे देवाने विचारलं, एलीया, इथे काय करतोस? आणि त्याने सगळी तक्रार ओतली. मी तुझ्यासाठी एवढं केलं, लोकांनी तुला सोडलं, वेद्या मोडल्या, संदेष्टे मारले, मी एकटाच उरलोय, आणि आता माझ्याही जिवावर उठलेत. देवाने ऐकून घेतलं. मग सोसाट्याचा वारा आला, भूकंप झाला, अग्नी आला, पण देव त्यात नव्हता. शेवटी एक हळुवार, शांत आवाज. देवाने परत तोच प्रश्न विचारला. आणि एलीयाने काय उत्तर दिलं माहितीये? जसंच्या तसं तेच! एक शब्द बदलला नाही. एवढा अनुभव येऊनही मन बदललं नव्हतं. तरी देवाने त्याला हाकलून दिलं नाही.

म्हणून म्हणते, प्रार्थनेत तीच तीच तक्रार होत असेल तर होऊ दे. गोड शब्द सुचत नसतील तर नको. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं तक्रारीनेच सुरू होतात. देवासमोर "सगळं छान" म्हणायची गरज नाही, ते आपण रविवारी एकमेकांना म्हणतोच.

आणि तो हळू आवाज. कर्मेलावर देव अग्नीतून बोलला होता, म्हणून एलीयाला वाटलं असेल, देव नेहमी तसाच येतो. आपलंही तसंच होतं ना? शिबिरात रडू आलं म्हणजे देव जवळ, मंगळवारी ऑफिसच्या बसमध्ये काही वाटलं नाही म्हणजे देव लांब. असं नसतं. कर्मेल एक दिवसाचा असतो, बाकीचे दिवस साधे असतात. आणि त्या साध्या दिवसांत हळू आवाज ऐकायचा, तर हातातला फोन थोडा वेळ खाली ठेवावा लागतो. हो, मीच सांगतेय, जी फोनमधूनच तुमच्याशी बोलतेय!

तिसरी गोष्ट मला खूप उशिरा लक्षात आली. एलीया म्हणतो, मी एकटाच उरलोय. पण हे खरं होतं का? मागच्याच अध्यायात अहाब राजाचा कारभारी ओबद्या त्याला भेटला होता. ओबद्याने स्वतः सांगितलं होतं, की मी परमेश्वराच्या शंभर संदेष्ट्यांना दोन गुहांत पन्नास-पन्नास करून लपवलं आणि भाकर-पाणी पुरवलं. म्हणजे एलीयाला माहीत होतं! तरीही निराशेत त्याला ते शंभर जण दिसले नाहीत. माणूस थकला की माहीत असलेल्या गोष्टीही विसरतो. मलाही वाटायचं, माझं कुणी नाही. आणि फोनवर आईचे साठ न उघडलेले मेसेज होते.

देव एलीयाला सांगतो, बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक आहेत. आणि तीन कामं देतो. हजाएलला आणि येहूला राजा म्हणून अभिषेक कर, आणि अलीशाला तुझ्या जागी संदेष्टा नेम. गंमत बघा, एलीया आधी कुणाकडे गेला? शेत नांगरणाऱ्या अलीशाकडे. सोबती मिळाला. राजांची कामं पुढे अलीशाच्या काळात पार पडली. सगळं एलीयाने एकट्याने करावं, अशी देवाची अपेक्षाच नव्हती.

इथे मला आपल्या पंडिता रमाबाई आठवतात. दुष्काळात आई-वडील गेले, मग भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच नवरा गेला. पुढे १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, जिच्यावर केडगावच्या मुक्ती मिशनच्या कामाची भिस्त होती. त्याही काळात रमाबाईंचं बायबलच्या मराठी भाषांतराचं काम चालू होतं, साध्या बायकांना कळेल अशा भाषेत. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. एप्रिल १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये आलं. तेही एकटीचं काम नव्हतं. मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच मुली आणि बाया खिळे जुळवत होत्या. मोठं काम, पण रोजचं थोडं थोडं, आणि अनेक हातांनी.

माझं पुढे काय झालं? काकूंशी बोलल्यावर आईला फोन केला. आई रडली, चिडली, "मला का नाही सांगितलंस?" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने नगरहून निघाली. मग पाळकसाहेबांना सांगितलं. रविवारी गाणी म्हणणं दोन महिने थांबवलं, मागच्या बाकावर बसले. नोकरी पाचव्या महिन्यात लागली, पगार आधीपेक्षा कमी आहे. कर्ज अजून चालू आहे. म्हणजे प्रार्थना केली आणि सगळं सुटलं, अशी साक्ष माझ्याकडे नाही. पण प्रभूने मला त्या खोलीत एकटं सोडलं नाही, ही साक्ष आहे.

एक फार महत्त्वाचं. "पुरे" म्हणजे जगणंच पुरे, असं मनात येत असेल तर ते एकट्याने पेलू नका. आजच कुणाला तरी सांगा. १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी नंबरवर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी असणं नाही. भाकर देवाकडूनच येते, मग ती कुणाच्याही हातून येवो.

या आठवड्यात तीनच गोष्टी करूया. एक, एक रात्र वेळेवर झोपा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. दोन, देवाला एक खरं वाक्य सांगा, सजवलेलं नको. तीन, तुमच्या ओळखीत "सगळं छान" म्हणणारं कुणीतरी आहे, त्याच्याकडे जेवणाचा डबा घेऊन जा. वचन नंतर द्या, आधी डबा.

चला, प्रार्थना करूया. चालत असाल तर डोळे उघडेच ठेवा.

प्रेमळ देवबापा, आम्ही थकलोय हे तू जाणतोस. ज्या भावाने तो मेसेज लिहिला, त्याला आज रात्री शांत झोप दे. ज्यांच्या घरात कर्ज आहे, आजार आहे, निकालाची भीती आहे, त्यांच्या उशाशी भाकर आणि पाणी ठेव. आम्हाला तुझा हळू आवाज ऐकू दे, आणि आमच्या आसपासची माणसं दिसू दे. आणि आमच्या हातूनही कुणाला तरी भाकर मिळू दे. प्रभू येशूच्या नावात मागतो, आमेन.

भावा, तू ऐकत असशील तर मला परत मेसेज कर. काय जेवलास ते लिही, तेवढं पुरे. पुढच्या शुक्रवारी भेटूच. तोवर सांभाळून राहा, जय ख्रिस्त!