आधी बघा, मग बटण दाबा



मला बोलावलं आहे निसर्गाच्या छायाचित्रणावर बोलायला. पण वडनेरच्या या पटांगणात पाय ठेवला आणि आमची पांदण आठवली. वेचणीच्या दिवसांत कापसाची बंडी पुढं आणि आम्ही पोरं मागं. बंडीच्या धुळीत सकाळचं ऊन कसं उतरतं, ते मी तिथं पाहिलं. कॅमेरा फार नंतर हाती आला.

समोर पहिल्या रांगेत आमचे भूगोलाचे गुरुजी बसले आहेत. गुरुजी, तुम्ही आम्हाला वर्धा नदीवर नेलं होतं. वहीत रेघ ओढण्याआधी अर्धा तास नुसतं बघायला लावलं. मी आजही तेच करतो.

तंत्र थोडक्यात सांगतो. तिपाई रोवायची आणि भिंगाचं छिद्र लहान ठेवायचं, म्हणजे जवळची पऱ्हाटी आणि लांबचा पळस दोन्ही स्पष्ट येतात. पहाटेचा उजेड कमी, म्हणून झडप सेकंदभर उघडी ठेवावी लागते. त्यासाठी आधी वारा पडायची वाट बघायची.

ही वाट बघणंच खरं. वडील गेले त्या वर्षी मला झोप येत नव्हती. रोज पहाटे तुरीच्या धुऱ्यावर जाऊन बसायचो. महिनाभरात चारच फोटो काढले, पण झोप परत आली.

असंच थांबून बघत आपल्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला, आश्रमात राहणाऱ्या कनू गांधींनी बापूंचे फोटो काढले. बापूंच्या अटी तीन: फ्लॅश वापरायचा नाही, उभं राहा-बसा सांगायचं नाही, आश्रम पैसे देणार नाही. उद्योगपती घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या 100 रुपयांतून रोलीफ्लेक्स कॅमेरा आला. एका रोलवर 12 चित्रं. बटण दाबण्याआधी बघावंच लागे.

मुलांनो, तुमच्या मोबाइलमध्ये हजारो फोटो मावतात, म्हणूनच सांगतो: थांबायला शिका. जो शेताच्या धुऱ्यावर तासभर शांत बसू शकतो, तो परीक्षेत आणि संकटातही शांत राहतो. मागं बसलेल्या माउल्यांना हे सांगावं लागत नाही; पेरणीनंतर पावसाची वाट त्यांनी जन्मभर पाहिली आहे.

उद्या दिवस उगवायच्या आधी धुऱ्यावर जा. मोबाइल खिशात ठेवा. ऊन पऱ्हाटीवर येऊ द्या. मग एकच फोटो काढा आणि आमच्या गुरुजींना नेऊन दाखवा.