मीटिंग पाड्यावर यायला हवी

डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी काढली, तेव्हा आदिवासी मुले तिकडे फिरकेनात. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द इथून देशभर गेला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरे चरतात तिथेच शाळा. श्रोतेहो, डहाणू-तलासरीत दारू सोडू पाहणाऱ्या माणसाबद्दल मला आज हेच म्हणायचे आहे. त्याला आपण सहज सांगून टाकतो, 'अरे, मीटिंगला जात जा.' उधव्याच्या माणसाने मजुरीवरून सुटायचे, डहाणू रोड गाठायचे, लोकल धरायची, मीटिंगला तासभर बसायचे आणि रात्री परतायचे, हे एखाद्या वेळी जमेल. आठवड्यातून तीनदा जमणार नाही. आणि दारूची तलफ तर रोज संध्याकाळी येते.

मीटिंग म्हणजे असते तरी काय? पाच-दहा माणसे गोल बसतात. एक जण आपले नाव सांगतो, मी दारुडा आहे असे स्वतःच म्हणतो आणि बोलू लागतो: पहिला घोट कधी घेतला, बायकोचे मंगळसूत्र कधी गहाण पडले, गेल्या शनिवारी गुत्त्यासमोरून पाय कसे ओढत नेले. मध्ये कोणी तोंड घालत नाही, उपदेश करत नाही. मग दुसरा बोलतो. फी नाही, नोंदणी नाही. सोडण्याची इच्छा एवढीच अट. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची म्हणजे निनावी दारुड्यांची ही रीत १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी दोन दारुड्यांच्या भेटीतून निघाली. ती नुसती भाबडी समजूत आहे का, याची कसून तपासणी झाली आहे. २०२० साली कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसे होती. शिस्तबद्धपणे या वाटेला लावलेल्यांपैकी वर्षभरानंतर सुमारे ४२ टक्के पूर्ण कोरडे होते. इतर उपचारांत ३५ टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण जवळजवळ फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी तो फार मोठा आहे. आपल्याकडे २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचे दिसले. उरलेल्या ३७ जणांचा विचार करायचा, तर डॉक्टर आणि खाटा वाढेपर्यंत थांबता येणार नाही.

कोणी म्हणेल, हे अभ्यास बहुतांशी अमेरिकेतले. वारली समाजाला ही परकी रीत कशी रुचावी? इथे लग्नात, देवकार्यात दारू-ताडी लागते. आक्षेप रास्त आहे, पण इतिहास त्याला पुरेसे उत्तर देतो. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमधून देवीची चळवळ निघाली आणि डोंगरपट्ट्यातून थेट सुरत जिल्ह्यापर्यंत गेली. मांडवात माणसे जमत, अंगात आलेल्याच्या तोंडून देवी बोले: दारू सोडा, ताडी सोडा, रोज आंघोळ करा. हजारो आदिवासींनी एकदम सोडली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी यावर आख्खा ग्रंथ लिहिला आहे. पुढे पुष्कळ जण पुन्हा पिऊ लागले. पण चौधरी आदिवासींच्या ज्या गावांत गांधीवादी कार्यकर्त्यांनी माणसांना एकत्र धरून ठेवले, तिथे व्रत जास्त टिकले. मला यातला हा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. एकदा घेतलेली शपथ पुरत नाही, पुन्हापुन्हा जमावे लागते.

दुसरा आक्षेप दारूबंदीवाल्यांचा: दुकानच बंद करा, मीटिंग कशाला? आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याने ग्रामसभेला तो अधिकार आहे आणि तो जरूर वापरावा. पण शेजारच्या गुजरातेत राज्य झाल्यापासून बंदी आहे. तिथेही पिणारा उरलाच. बंदीने बाटली दूर जाते, सोबत मिळत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत अवघड. पाड्यावर कोण कोणाला ओळखत नाही? नाव गुप्त राहणार कसे? राहणार नाही. पण पाड्यावर माणूस पितो हेही गुप्त नसते. लपवायला उरते ते फक्त त्याचे सोडू पाहणे, आणि त्याची लाज वाटावी असे काही नाही. खोलीत बोललेले बाहेर जाऊ नये, एवढे पथ्य मात्र कडक हवे. पिणाऱ्यांच्या बायकांची बैठक वेगळी हवी. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने 'सहचरी' गटातून तिची गरज ओळखली आहे.

वेळही इथल्या कामाप्रमाणे ठरावी. या तालुक्यांतले कितीतरी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून महिनोन् महिने समुद्रात असतात. पावसाळ्यात मासेमारी थांबली की हातात पैसा घेऊन घरी येतात. तेव्हा रोज मीटिंग हवी. आणि एक धोका नीट लक्षात ठेवा: वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली की थरथर, भास, झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी सरकारी दवाखान्यात न्या, मग मीटिंगला. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या आजारांसाठी १४४१६ हे सरकारी फोन क्रमांक आहेत.

गावोगावचे सरपंच, शिक्षक, अंगणवाडी सेविका इथे बसले आहेत. तुमच्या शाळेची, अंगणवाडीची खोली संध्याकाळी रिकामी असते. आठवड्यातून दोन संध्याकाळी तिची किल्ली दारू सोडलेल्या एका माणसाच्या हाती द्या.