कापसाचा भाव आणि जमिनीचा कागद
(आरेतल्या एका पाड्यावर भरलेल्या युवा शिबिरात केलेले भाषण)

यवतमाळ, चंद्रपूर, नंदुरबारकडच्या जंगलगावांतून आलेल्या आया-बहिणींनो, भावांनो आणि आपल्या पाड्यांवरच्या सगळ्यांनो,

आम्ही आरे आणि बोरिवलीच्या जंगलातली पोरं. आमच्याकडे कापूस पिकत नाही. तरी आज कापसावर बोलतोय, कारण तुम्ही वेचलेल्या कापसाचा बाजार या शहरात आहे. हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे. कापसाच्या गाठींच्या वखारींवरून ते नाव पडलं. कापूस व्यापाऱ्यांची संघटना १९२१ पासून याच शहरात आहे. शेत तुमचं, घाम तुमचा, पण भाव मात्र दुसरेच ठरवतात. कसं ते बघू.

पहिली गोष्ट जुनी आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना. मग मुंबईतून कापूस जाऊ लागला, भाव कितीतरी पट चढले, इथल्या व्यापाऱ्यांकडे पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळला. वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याने युद्ध सुरू केलं नव्हतं, थांबवलंही नव्हतं. पण आपटला तोही.

आजही तेच चालू आहे. २०२२ च्या सुरुवातीला आपल्याकडे कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. ते बघून पुष्कळांनी ज्वारी काढून कापूस लावला. पुढच्या दोन वर्षांत भाव सात हजारांच्या आसपास आला. असं का झालं? एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी मुख्यतः सरकी. सरकीचा भाव तेल आणि ढेपेवर चालतो. रुईचा भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराकडे बघून हलतो. आपला जिनवाला सकाळी तिकडचा आकडा बघतो आणि मग तुम्हाला भाव सांगतो.

जगात वर्षाला अडीच कोटी टनांच्या आसपास रुई पिकते. चीन, भारत, ब्राझील, अमेरिका हे मोठे देश. कापसाखालच्या जगातल्या जमिनीपैकी एक तृतीयांशाहून जास्त जमीन आपल्या देशात आहे, पण रुई निघते पाचव्या हिश्श्याएवढी. आपल्याकडे हेक्टरी साडेचारशे किलोच्या आसपास रुई, ब्राझीलमध्ये जवळजवळ चौपट. तिथे हजारो हेक्टरचे मळे आणि यंत्रांनी वेचणी. २०२३-२४ मध्ये कापूस निर्यातीत ब्राझीलने अमेरिकेलाही मागे टाकलं. आपलं पीक मात्र घटतंय. २०१३-१४ मध्ये देशात जवळपास ४०० लाख गाठी झाल्या होत्या, २०२४-२५ मध्ये ३०० लाखांच्याही आत. २००२ मध्ये बीटी बियाणं आलं तेव्हा बोंडअळी संपली असं सांगितलं गेलं. गुलाबी बोंडअळी परत आली, बियाण्याचा आणि फवारणीचा खर्च तेवढा राहिला. शिवाय जगात आता अर्ध्याहून जास्त धागा पॉलिस्टरचा आहे. कापूस महागला की गिरणीवाले तिकडे वळतात.

मग सरकार काय करतं? २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये ठरवला. आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून बाहेरच्या कापसावरचा ११ टक्के आयात कर काढून टाकला. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे आपली वेचणी चालू असताना बाहेरचा स्वस्त कापूस आत. गिरण्यांना अडचण होती, हे खरं. पण तिची किंमत कोणी मोजायची?

आता मुद्द्याची गोष्ट. हमीभाव कागदावर सगळ्यांना आहे, पण सीसीआयच्या केंद्रावर सातबारा मागतात आणि त्यावर कापसाची पीकनोंद मागतात. वनपट्टा मिळालेल्या कितीतरी जणांचं नाव सातबाऱ्यावर नुसतं इतर हक्कात आहे, कितीतरी जणांचे दावे अजून पडून आहेत. नोंद नाही तर केंद्र नाही. केंद्र नाही तर गावात येणारा व्यापारी. तो म्हणेल तो काटा, तो म्हणेल तो ओलावा, तो म्हणेल तो भाव. म्हणून आम्ही म्हणतो, जमिनीच्या कागदाची लढाई हीच कापसाच्या भावाचीही लढाई आहे.

दुसरा धोका आणखी मोठा. वनहक्क कायद्याप्रमाणे पट्टा पोराबाळांकडे जातो, पण विकता येत नाही. चांगली गोष्ट आहे. पण बियाणं-खत उधारीवर घेतलं आणि भाव पडला की काय होतं? पट्टा पेटीत राहतो आणि जमीन सावकार कसतो. बापजाद्यांनी दंड भरून, मार खाऊन राखलेली जमीन अशी हातातून जाऊ द्यायची का?

म्हणून चार गोष्टी करू. एक, गावातल्या प्रत्येक वनपट्ट्याचा वेगळा सातबारा मागायचा, ग्रामसभेच्या ठरावाने. दोन, पीक पाहणी वेळेत करून घ्यायची, ज्याची नोंद चढत नाही त्याची यादी करून तहसीलदाराकडे एकत्र जायचं. तीन, कापूस वाळवून न्यायचा. केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव मिळतो, १२ च्या वर घेतच नाहीत. चार, सगळी जमीन कापसाला द्यायची नाही. तूर, ज्वारी, घरापुरतं धान्य आधी. जो भाव आपल्या हातात नाही त्यावर घराची चूल टांगायची नाही.

२०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून चालत निघालेले हजारो शेतकरी मुलुंडवरून या शहरात शिरले. त्यांत कितीतरी आपले आदिवासी होते, पायांना फोड आलेले. दहावीच्या पोरांच्या परीक्षा अडू नयेत म्हणून ते रात्रीच चालत आझाद मैदानात पोचले. वनपट्ट्यांचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू, असं सरकारने तेव्हा लिहून दिलं होतं. तो कागद आपण विसरलेलो नाही. सरकारलाही विसरू द्यायचा नाही.

जल, जंगल, जमीन आपली. जोहार!